भाषा रॉकमध्ये बसते की नाही, हे बेसवाल्याला विचारा

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलांच्या बँडचा सराव ऐकायला गेलो होतो. तीन गाणी झाली, दोन इंग्रजी आणि एक मराठी. इंग्रजी गाणी झकास झाली. मराठी गाणं सुरू झालं आणि खोलीतली हवाच बदलली. गायक अवघडला, शब्द तालावर आपटू लागले. गाणं संपताच वाद पेटला. एक बाजू म्हणाली, मराठी रॉकमध्ये बसतच नाही, ही भाषा अभंगाची, भावगीताची. तिला हा जोर पेलत नाही. दुसरी बाजू उसळली: मग आईच्या भाषेत गायला लाज वाटते असं सरळ म्हणा की. दोन तास हे चाललं. मी स्वतः बरीच वर्षं बेस गिटार वाजवत आलो आहे, म्हणून असेल, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या तिन्ही गाण्यांत बेसवाला मुलगा अगदी तेच वाजवत होता. प्रत्येक ठोक्याला हजर, आठही खाने भरलेले, एकही जागा मोकळी नाही. भाषा बदलली आणि खालची जमीन मात्र तीच राहिली. वादात याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एखादी भाषा रॉकमध्ये बसते का, हा प्रश्न भाषेच्या स्वभावाचा नाही आणि अस्मितेचा तर नाहीच नाही. तो कारागिरीचा प्रश्न आहे, आणि त्या कारागिरीचा मोठा भाग गायकाच्या गळ्यात नसून ताल धरणाऱ्यांच्या हातात असतो. हे मी हवेत बोलत नाही. हाच वाद पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी जपानमध्ये झाला, अगदी याच दोन बाजूंनी आणि जवळजवळ याच शब्दांत. त्याचं उत्तर ज्यांनी वाजवून दिलं, त्यांत हारुओमी होसोनो हा बेसवादक होता.

१९७० आणि १९७१ या दोन वर्षांत जपानी संगीताच्या मासिकांतून ‘जपानी भाषेतला रॉक’ हा वाद गाजला. एका बाजूचा मुख्य आवाज युया उचिदा यांचा. हा माणूस ऐरागैरा नव्हता. १९६६ साली बीटल्स तोक्योच्या बुदोकानमध्ये वाजवायला आले, तेव्हा त्यांच्याआधी मंचावर गेलेल्या जपानी कलाकारांत उचिदा होते. पुढे त्यांनी फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड उभा केला, त्याला इंग्रजीत गायला लावलं, कॅनडापर्यंत पाठवलं. त्यांचं म्हणणं असं की जपानी भाषा रॉकच्या तालावर बसत नाही, आणि जगात जायचं तर इंग्रजीला पर्याय नाही. दुसऱ्या बाजूला हॅपी एंड नावाचा चौघांचा बँड होता: एइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो, शिगेरु सुझुकी आणि होसोनो. त्यांची पहिली रेकॉर्ड ऑगस्ट १९७०मध्ये आली, सगळी जपानीत. ‘न्यू म्युझिक मॅगझीन’ने तिचा गौरव केला, त्यावर उचिदांचा आक्षेप होता, आणि मे १९७१च्या अंकात दोन्ही बाजू एका चर्चेत समोरासमोर आल्या. हॅपी एंडकडून त्या बैठकीला गायक ओताकी होते आणि ड्रम वाजवणारे, गाणी लिहिणारे मात्सुमोतो होते. बेसवाला नव्हता. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. शब्द लिहिणारा आणि शब्द गाणारा यांना बोलावलं, की वाद शब्दांपाशीच अडकणार.

उचिदांच्या मुद्द्यात दम होता, हे आधी मान्य करायला हवं. मराठी वाचकाला तो समजवायला सोपा आहे, कारण आपण शाळेपासून मात्रा मोजत आलो आहोत. जपानी भाषा मात्रांवर चालते, आणि तिथे प्रत्येक मात्रेला सारखाच वेळ. आपण ‘तोक्यो’ दोन अक्षरांत उरकतो. जपानी माणसाच्या कानाला तो शब्द चार मात्रांचा आहे, तो-ओ-क्यो-ओ. शब्दातला थांबलेला ‘प्’ किंवा शेवटचा ‘न्’सुद्धा स्वतःची पूर्ण मात्रा घेतो. आता इंग्रजीतला ‘स्ट्राइक’ घ्या. इंग्रजी गायक तो एका ठोक्यात फेकतो, पुढे व्यंजनांचा धक्का आणि मागे ‘क’चा फटका. तोच शब्द जपानीत गेला की ‘सु-तो-रा-इ-कु’ होतो. पाच मात्रा, पाच स्वर, फटका कुठेच नाही. रॉकची चाल अमेरिकेत घडली ती अशा भाषेच्या अंगावर, जिच्यात एक अक्षर दाबून म्हणतात आणि बाकीची गिळतात. दुसऱ्या नि चौथ्या ठोक्यावरचा तो जोर इंग्रजी वाक्याच्या जोराशी नातं सांगतो. ज्या भाषेत सगळ्या मात्रा शिस्तीत एका ओळीत उभ्या राहतात, तिने या तालावर काय करायचं? प्रत्येक सुराला एक मात्रा दिली तर वाक्य संपता संपत नाही. घाई केली तर पाढे म्हटल्यासारखं वाटतं. ही अडचण खरी होती. जपानी रॉकवाले तिला घाबरले ते न्यूनगंडामुळे, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

होसोनो स्वतः त्याच भीतीतून आलेले. १९६९मध्ये ते आणि मात्सुमोतो ज्या एप्रिल फूल नावाच्या बँडमध्ये होते, त्याची एकुलती एक रेकॉर्ड बहुतांशी इंग्रजीत आहे. जपानीत गायचा आग्रह मात्सुमोतोंचा. होसोनोंना वेड होतं ते अमेरिकेच्या बफेलो स्प्रिंगफील्ड आणि मोबी ग्रेप या बँडांचं. म्हणजे जपानी रॉकची पायाभरणी करणाऱ्या या माणसाच्या कानात त्या काळी कॅलिफोर्निया वाजत होता. मग त्याने केलं काय?

इथे थोडं खोलात जाऊ, कारण सगळं मर्म इथेच आहे. बेस गिटार म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायचं तर मी डग्ग्याकडे बोट दाखवीन. तबल्याचे चाटीवरचे बोल सगळ्यांच्या लक्षात राहतात. डग्ग्याचा घुमारा कोणी मोजत नाही, पण ठेक्याचा डौल तिथून येतो. डग्गा कुठे बंद वाजला आणि कुठे मोकळा सुटला, यावर गाणाऱ्याला मिळणारी जागा ठरते. बेसचंही तसंच. बेसवाला दोन गोष्टी ठरवतो: सूर कधी सुरू होणार आणि कधी संपणार. पहिली सगळ्यांना ऐकू येते. दुसरीकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, आणि होसोनोंची थोरवी या दुसरीत आहे. त्यांचा बेस ऐकताना सुराइतकीच सुरानंतरची शांतता ऐकावी लागते. सूर गोल, टोक बोथट, तारेचा खणखणाट नाही. आणि जिथे दुसरा बेसवाला सूर लांबवून जागा भरून काढेल, तिथे हे बोट दाबून सूर मिटवून टाकतात. त्या मिटलेल्या जागेत गायकाची मात्रा येऊन बसते. सगळ्या मात्रांना सारखा मान देणारी भाषा असेल, तर खालून प्रत्येक ठोक्यावर हातोडा मारून चालत नाही. तसं केलं की वर कवायत, खाली कवायत. खालचा सूर आडवळणाने गेला, कधी ठोक्याच्या आधी, कधी नंतर, तर वरची सरळ रेघ कवायत वाटत नाही, बोलणं वाटतं. वाकणं खालच्यांनी वाटून घेतलं, म्हणून वरच्या भाषेला सरळ चालता आलं.

अर्थात एकट्या बेसने हे झालं नाही. ओताकी शब्द भलत्याच ठिकाणी तोडत, अर्धा या ओळीत, अर्धा पुढच्या. मात्सुमोतो स्वतः ड्रम वाजवत असल्याने त्यांच्या ओळी ठेक्यातूनच उगवत. त्यांनी आणखी एक धाडस केलं: जपानी बोलण्यातली ‘देसु’ ही सभ्य, रोजची क्रियापदं थेट गाण्यात आणली. नोव्हेंबर १९७१च्या ‘काझेमाची रोमान’ या दुसऱ्या रेकॉर्डवरच्या होसोनोंच्या एका गाण्याचं नावच ‘नात्सु नान्देसु’ आहे, म्हणजे जवळपास ‘उन्हाळा आहे हो’. रॉकच्या गाण्यात कोणी असं बोलतं का? शेजाऱ्याशी ओट्यावर बसून बोलावं तसं होसोनो ते गातात, खर्जात, आवाज न चढवता. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी त्यांना आपला गाता आवाज सापडला नव्हता. अमेरिकी गायक जेम्स टेलरचं खालच्या पट्टीतलं गाणं ऐकून तो सापडला. मला यात बेसवाल्याचाच कान दिसतो. जो माणूस दिवसभर खालच्या सुरांत राहतो, त्याने गातानाही खाली उतरावं, हे किती स्वाभाविक आहे!

याच रेकॉर्डवरचं ‘काझे ओ आत्सुमेते’, म्हणजे ‘वारा गोळा करून’, हे गाणं डोळे मिटून ऐका. त्यात बेस होसोनोंचा, गिटार होसोनोंची, ऑर्गन होसोनोंचा, आवाजही त्यांचाच. सोबत फक्त मात्सुमोतोंचे ड्रम. शीर्षकाच्या मात्रा मोजा: का-झे-ओ-आ-त्सु-मे-ते, सात. पाच-सात-पाचच्या हायकूतली मधली ओळ जेवढी, तेवढी. शतकानुशतकं जपानी कानाला सवयीची असलेली ही लांबी एका अमेरिकी धाटणीच्या गाण्यात येऊन बसते आणि कुठेही सांधा दिसत नाही. शब्दांत ऑलिंपिकच्या धामधुमीत पुसल्या गेलेल्या जुन्या तोक्योची आठवण आहे. पण शब्द कळत नसतानाही गाणं माणसाला धरून ठेवतं, हे मी कितीतरी मित्रांना ऐकवून पाहिलं आहे. हे गाणं परकं वाटतं का? रॉक वाटत नाही का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर कानच देतात.

आता उचिदांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते तो पहिल्याहून बळकट आहे. भाषा बसवलीत, ठीक. पण ऐकणार कोण? हॅपी एंड त्यांच्या काळात फार खपला नाही. १९७२ संपता संपता बँड मोडला. उलट इंग्रजीत गाणाऱ्या फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडने १९७१मध्ये ‘सातोरी’सारखी रेकॉर्ड केली, जी आजही जगभर शोधून ऐकली जाते, आणि ती ऐकण्यासारखीच आहे. याहून अडचणीचं उदाहरण तर खुद्द होसोनोंचं आहे. फेब्रुवारी १९७८मध्ये त्यांनी र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांना घरी बोलावलं. पायांना ऊब देणाऱ्या कोतात्सूच्या मेजाभोवती बसून भाताचे गोळे नि संत्री खाताना त्यांनी वहीत लिहिलेला बेत दाखवला: मार्टिन डेनीची ‘फायरक्रॅकर’ ही धून सिंथेसायझरवर नाचती करायची आणि जगभर चाळीस लाख प्रती विकायच्या. यातून यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा जन्मला आणि खरोखर जगभर फिरला. त्याची जगभर गाजलेली गाणी एकतर शब्दांविना आहेत किंवा इंग्रजीत. म्हणजे जपानी रॉकची भाषा घडवणाऱ्यालाच जगात जाताना जपानी खाली ठेवावी लागली! उचिदा बरोबर होते, असं यावरून कोणी म्हटलं तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही.

पण नीट पाहू. पहिली गोष्ट, ‘जगात जायचं तर इंग्रजीच’ हा नियम १९७१मध्ये आधीच मोडलेला होता. १९६३च्या जूनमध्ये क्यू साकामोतोंचं जपानी गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. अमेरिकेत त्याला ‘सुकियाकी’ हे एका पदार्थाचं नाव चिकटवलं गेलं, ज्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही, तरी लोकांनी ते जपानीतच ऐकलं. ते रॉक नव्हतं, हे खरं. पण मग मुद्दा भाषेचा राहत नाही ना? दुसरी गोष्ट ‘सातोरी’ची. ती ऐकताना लक्षात येतं की तिच्यात शब्द अगदी मोजके आहेत. गायक जो यामानाका यांचा आवाज तिथे कमाल करतो, तो किंकाळीसारखा, वाद्यासारखा. इंग्रजीच्या बाजूची सर्वांत मोठी रेकॉर्ड इंग्रजीच्या जोरावर उभी नाही, आणि तिचं नाव झेन परंपरेतलं आहे. तिसरी गोष्ट, स्वीडनच्या ॲबाने इंग्रजी निवडली आणि जर्मनीच्या रामस्टाइनने जर्मन. दोघेही जगभर ऐकले गेले. बाजार कुठली भाषा मागतो आणि ताल कुठली भाषा पेलतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दरवर्षी बदलतं. दुसऱ्याचं उत्तर एकदा कोणीतरी वाजवून दिलं की कायमचं मिळतं.

आणि होसोनोंनी जपानी खाली ठेवली असं म्हणताना मधली पाच वर्षं विसरून चालणार नाही. हॅपी एंडनंतर त्यांनी सुझुकी, ड्रमवादक तात्सुओ हायाशी आणि कीबोर्डवादक मासाताका मात्सुतोया यांच्याबरोबर कॅरामेल मामा हा गट बांधला, तोच पुढे टिन पॅन ॲली झाला. हे लोक दुसऱ्यांच्या गाण्यांना जमीन देत. १९७३मध्ये युमी अराई या तरुण गायिकेच्या ‘हिकोकी-गुमो’ या पहिल्या रेकॉर्डखाली हीच जमीन आहे. १९७५च्या चू कोसाकांच्या ‘होरो’वर तर होसोनोंचा बेस इतका ठसठशीत आणि तरीही इतका मोजका आहे की मी बेस शिकणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकायला लावतो. या गाण्यांत जपानी शब्द बसतात का, हा प्रश्न कोणाला सुचतही नाही. वाद १९७१मध्ये मासिकात मिटला नाही. तो पुढच्या चार वर्षांत स्टुडिओत, दुसऱ्यांच्या नावावर निघालेल्या रेकॉर्डींवर, श्रेयाची पर्वा न करणाऱ्या या मंडळींनी मिटवला. १९८३पर्यंत तर मात्सुमोतोंचे शब्द आणि होसोनोंची चाल घेऊन सेइको मात्सुदाची गाणी घराघरांत वाजत होती, आणि त्याच वर्षी यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचं जपानी शब्दांचं ‘किमी नि मुने क्युन’ विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

यलो मॅजिकच्या काळात होसोनोंनी बेस गिटार बाजूला ठेवली, असंही म्हटलं जातं. वाद्य बदललं, काम नाही. सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र, एका बाजूला आकड्यांवर चालत असताना ते सिंथेसायझरच्या खालच्या पट्ट्यांवर हाताने बेस वाजवत. यंत्र चुकत नाही, म्हणून माणसाने किती मागेपुढे व्हायचं हे ठरवणं अधिकच मोलाचं झालं. त्याआधी १९७८मध्येच चित्रकार तादानोरी योकोओंबरोबर भारतात फिरून गेल्यावर त्यांनी ‘कोचीन मून’ नावाची जवळजवळ पूर्ण सिंथेसायझरची रेकॉर्ड केली होती. आणि १९८०मध्ये ‘टायटन अप’ हे मुळात बेसवरच उभं असलेलं अमेरिकी गाणं त्यांनी हाती घेतलं, तेव्हा बेस गिटार पुन्हा पुढे आली आणि बोटं तशीच, सूर वाजवून लगेच मिटवणारी.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, अभिमानाच्या. तिच्यावर माझं प्रेम आहे म्हणूनच तिच्याशी भांडायला हवं. हॅपी एंडचं यश हा मातृभाषेच्या अभिमानाचा विजय होता, असं सांगितलं की ऐकायला बरं वाटतं. पण त्या बँडचं नाव इंग्रजी आहे. फक्त ते त्यांनी परकीय शब्दांसाठी असलेल्या काताकाना लिपीत न लिहिता घरगुती हिरागानात लिहिलं: हा-प्-पि-इ-ए-न्-दो. पुन्हा सात मात्रा! यातली वृत्ती पाहा. परकं नाकारलं नाही, परक्याला घरच्या पाटावर बसवलं. तिसरी रेकॉर्ड करायला हे लोक १९७२मध्ये लॉस एंजेलिसला गेले. होसोनोंची पहिली एकट्याची रेकॉर्ड ‘होसोनो हाउस’ १९७३ची. ती सायतामा प्रांतातल्या सायामा इथल्या घरात ध्वनिमुद्रित झाली, आणि ते घर अमेरिकी सैन्यासाठी बांधलेल्या वसाहतीतलं होतं. पुढे कॅरिबियन, हवाई, न्यू ऑर्लिन्सचे ताल घेऊन जे संगीत त्यांनी केलं, त्याला ते ‘सोया सॉस म्युझिक’ म्हणत. शुद्धतेच्या सोवळ्यात बसून यातलं एक पानही लिहिलं गेलं नसतं. ‘आपली भाषा आहे म्हणून गा’ हा उपदेश गायकाला अपराधी करतो, पण त्याच्या तालातली अडचण तसूभरही सोडवत नाही. त्या सरावाच्या खोलीत मी हेच पाहिलं. मुलाला लाज वाटत नव्हती. त्याला जागा मिळत नव्हती.

आपल्याकडे हे घडून गेलेलं आहे, म्हणून मला आश्चर्य वाटतं. गझल मराठीत होत नाही, असं एके काळी किती ठामपणे म्हटलं जाई! माधव जूलियन यांनी फारसीचा व्यासंग करून वृत्तं आणली, ‘गज्जलांजलि’ सिद्ध केली. घराची चौकट उभी राहिली. पण बोलती मराठी त्या चौकटीत राहायला आली ती सुरेश भटांच्या हातून. त्यांनी वृत्त सैल केलं नाही, भाषाही जडावली नाही. चौकटीत बोलण्याचा श्वास कुठे पडतो हे शोधलं. किंवा हार्मोनियम घ्या. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, नाही, ती परकी, तिच्यात आपलं गाणं बसत नाही म्हणून आकाशवाणीने १९४०मध्ये तिला बाहेर काढलं आणि पुढची तीस वर्षं दारात उभं केलं. आक्षेप खोटा नव्हता, मींड तिच्यात नाहीच. पण साथ करणाऱ्यांनी भात्याच्या दाबातून आणि सोडलेल्या सुरांतून वाट काढली, आणि आज हार्मोनियमविना ख्यालाची मैफल आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. दोन्हीकडे आक्षेप खरा होता आणि निष्कर्ष चुकीचा होता. ‘बसत नाही’ याचा अर्थ एवढाच की अजून कोणी बसवलेलं नाही.

मराठीची गोष्ट तर जपानीपेक्षा सोपी आहे, हे मला ठासून सांगायचं आहे. जपानी शब्द जवळजवळ नेहमी स्वरावर संपतो. मराठी बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो: घर्, पाऊस्, नकोस्, थांब्. म्हणजे उचिदा ज्या फटक्यासाठी इंग्रजीकडे गेले, तो फटका आपल्या भाषेत जागोजागी पडून आहे. आपण गातानाच तो घालवतो, कारण गाण्यात शेवटचा ‘अ’ म्हणायची आपल्याला जुनी सवय आहे. भावगीतात ती शोभते, ओवीत ती हवीच. पण विजेच्या गिटारींपुढे ‘नकोस’चा ‘नकोसअ’ केला की शब्द लगेच खोटा वाटतो. गायक तसं का करतो? कारण खाली बेस वाजतच असतो आणि ‘स’नंतर जागा उरलेली असते, ती कशाने तरी भरायची म्हणून तो स्वर लावतो.

त्या दिवशी वाद थंडावल्यावर मी त्या मुलांना ते गाणं पुन्हा वाजवायला सांगितलं. ओळ होती ‘मला सांगू नकोस काही’. बेसवाल्याला म्हटलं, सूर बदलू नकोस, फक्त दोन गोष्टी कर. ओळीचा पहिला ठोका सोडून दे, तो एकट्या ड्रमचा राहू दे. आणि गायक ‘नकोस’ म्हणेल तेव्हा ‘को’वर तार दाब, ‘स’च्या आधी आवाज मिटला पाहिजे. पहिल्या दोन वेळा त्याचा हात सवयीने ठोक्यावर पडला. बोट उचलणं हे वाजवण्यापेक्षा अवघड असतं, हे कोणत्याही बेसवाल्याला विचारा. तिसऱ्यांदा जमलं. खाली अचानक शांतता झाली, आणि त्या शांततेत गायकाचा ‘स्’ ड्रमच्या हाय-हॅट झांजेसारखा वाजला, कोरडा, नेमका. त्याने ‘अ’ लावला नाही. लावायची गरजच उरली नव्हती. ‘काही’ हा शब्द तो मग ठोक्याच्या थोडा मागून, घरी भावाशी बोलतो तसा म्हणाला. ड्रमवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. बेसवाला मुलगा तीच चार आवर्तनं पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, प्रत्येक वेळी बोट थोडं आधी उचलत.